नावेतल्या माणसांना नाव नाही

दल सरोवरावर जाऊन आलेल्या मराठी कुटुंबाच्या अल्बममध्ये एक फोटो हमखास सापडतो. अंगात कशिदा काढलेला फेरन, कपाळावर पांढऱ्या धातूचे झुमके, हातात फुलांची परडी, मागे शिकारा आणि त्याच्याही मागे झबरवानचे डोंगर. फेरन भाड्याचा, दागिने भाड्याचे, फुले प्लास्टिकची. फोटोवाला ‘मान जरा तिरकी करा’ म्हणतो, बरोबरची मंडळी हसतात आणि थोड्या वेळाने प्रिंट हातात पडते. पुढे कित्येक वर्षे ती दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये उभी असते. जिचा वेश आपण चढवला ती बाई मात्र त्या फोटोत नसते. ती त्या वेळी तळ्याच्या आतल्या अंगाला भाजीच्या वाफ्यात वाकलेली असते, नाहीतर कमळकाकड्यांच्या जुड्या बांधत असते.

हा वेश, ही परडी आणि ही तिरकी मान आली कुठून? त्याचे उत्तर शोधायला गेले, तर आपण दीडशे वर्षांहून जुन्या फोटोंच्या ढिगात जाऊन पोचतो. भारतातल्या कुठल्याही तळ्याकाठच्या वस्तीचे दलइतके फोटो निघाले नसतील. तरीही त्या वस्तीच्या रोजच्या जगण्याबद्दल ते आपल्याला किती सांगतात, हा प्रश्न उरतोच. या फोटोंचा आढावा घ्यायचा तो या प्रश्नासाठी.

तळ्यावरची माणसे

दल, आंचार, मानसबल आणि वुलर ही काश्मीर खोऱ्यातली मोठी तळी. त्यांच्यावर आणि झेलमच्या पात्रात राहणाऱ्या नावाडी समाजाला हांजी म्हणतात. आपले मूळ थेट नूहच्या नौकेशी आहे, असे ते सांगत आले. बाहेरच्याला सगळे हांजी सारखेच दिसतात, पण आतून त्यांच्यात कामाप्रमाणे पोटभेद आहेत. दलच्या पाणथळीत भाजी पिकवणारे डेंब हांझ, वुलरमधून शिंगाडे काढणारे गारी हांझ, मासेमारी करणारे गाड हांझ आणि पुरात वाहून आलेले लाकूड गोळा करणारे हाक हांझ. आपल्या उपासाच्या थालीपिठात जो शिंगाडा असतो, तोच वुलरकाठच्या गरिबांचे वर्षातले कित्येक महिन्यांचे अन्न होता.

दलमधली तरंगती शेती हा तर वेगळाच प्रकार. पाण्यातली लव्हाळी मुळाशी कापायची, ती एकमेकांत गुंतवून लांबच लांब पट्टा तयार करायचा, त्यावर तळातला गाळ आणि शेवाळ चढवायचे. मग शेवाळाचेच छोटे शंकू करून त्यांत काकडीची, खरबुजाची रोपे लावायची. पट्टा जागेवर राहावा म्हणून कोपऱ्यांत लांब खांब ठोकायचे. मूरक्रॉफ्ट या इंग्रज प्रवाशाने १८२०च्या दशकात ही पद्धत बारकाईने लिहून ठेवली, तेव्हा फोटोग्राफीचा जन्मही झाला नव्हता. अशी शेती चोरीलाही जाई. रात्री खांब उपटायचे आणि शेजाऱ्याचे अख्खे शेत होडीमागे ओढून न्यायचे! जमिनीच्या बांधावरून भांडणाऱ्या आपल्याकडच्या शेतकऱ्यालाही यावर हसू येईल.

काचेवर उतरलेले पाणी

काश्मीरचे पहिले गाजलेले फोटो सॅम्युअल बोर्नचे. नॉटिंगहॅमच्या बँकेतली नोकरी सोडून हा गृहस्थ १८६३ मध्ये भारतात आला आणि १८६४ मध्ये काश्मिरात शिरला. तेव्हाचे तंत्र ओल्या काचेचे. काचेवर रसायन ओतायचे, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि सुकायच्या आत तंबूतल्या अंधारात धुवायची. काचा, बाटल्या, तंबू असा सरंजाम वाहायला चाळीसहून जास्त हमाल लागत. आपल्या प्रवासांत हमाल वाटेत पळून गेल्याच्या तक्रारी त्याने लिहिल्या आहेत. ते का पळत असतील, याचा अंदाज बेगारीचा इतिहास माहीत असलेल्याला सहज बांधता येतो.

बोर्नला हवे होते निसर्गदृश्य. पाणी, पाण्यातले प्रतिबिंब, काठावरचे चिनार आणि पॉपलर. त्याच्या फोटोंतले दल आरशासारखे गुळगुळीत दिसते, कारण काही सेकंद उघड्या राहिलेल्या काचेवर लाटा पुसल्या जातात. लाटांबरोबर हलणारी माणसेही पुसली जातात. वल्हवणारा हात उमटत नाही, बांधून ठेवलेली होडी उमटते. म्हणून १८६०च्या दशकातले तळे इतके शांत, जवळजवळ निर्मनुष्य वाटते. ही शांतता तळ्याची नव्हती, तंत्राची होती. तळ्यावर त्या वेळीही पहाटे भाजीचा बाजार भरत होता आणि घासाघीस चालू होती.

माणसे समोर आली की बोर्नची पंचाईत होई. शालिमार बागेत त्याने नाचणाऱ्या काश्मिरी मुलींचे फोटो घेतले. कितीही सांगितले तरी त्या सहजपणे बसत नाहीत, अशी त्याची कुरकुर होती. अनोळखी साहेब काळ्या कापडाखाली डोके घालून उभा, आणि श्वास रोखून बसायचा हुकूम. अशा वेळी सहज बसणार कोण? पण ‘काश्मिरी स्त्री’ म्हणून पुढे जे रूप बाजारात खपले, त्याचा पाया अशाच फोटोंनी घातला.

बोर्ननंतर आला जॉन बर्क. हा आयरिश फोटोग्राफर आणि त्याचा भागीदार विल्यम बेकर यांचे दुकान मरी या थंड हवेच्या ठिकाणी होते. १८६८ मध्ये काश्मीरच्या प्राचीन देवळांची पाहणी झाली, तिचे फोटो बर्कने काढले आणि ते पुढच्या वर्षी ग्रंथरूपात छापले गेले. बर्क माणसांत अधिक रमे. विणकर, नावाडी, पंडित, घाटावरची गर्दी हे सगळे त्याच्या काचांवर आहे. पण त्याचेही गिऱ्हाईक साहेबच होते. फोटो विकत कोण घेणार, यावरून फोटोत कोण आणि कसे येणार हे ठरले. या संपूर्ण संग्रहाची किल्ली माझ्या मते इथे आहे.

मोजणी आणि शाळा

१८८०च्या दशकात सुकी प्लेट आली. अंधारा तंबू सुटला, वेळ कमी लागू लागला, आणि कॅमेरा धंदेवाल्यांच्या हातून अधिकाऱ्यांच्या, डॉक्टरांच्या, मिशनऱ्यांच्या हाती गेला. फोटोंचा सूरही बदलला.

वॉल्टर लॉरेन्स हा जमीनमोजणीचा अधिकारी. १८८९ पासून काही वर्षे तो खोऱ्यात गावोगाव फिरला. १८९५ मध्ये निघालेले त्याचे ‘द व्हॅली ऑफ काश्मीर’ हे पुस्तक सचित्र आहे, पण फोटोंपेक्षा त्याचा मजकूर या फोटोंना अर्थ देतो. हांजींचे वर दिलेले पोटभेद आपल्याला त्याच्यामुळे कळतात. लॉरेन्स हांजींना भांडखोर ठरवतो. त्यांच्या बायकांबद्दलची एक गोष्ट काश्मिरात नेहमी सांगितली जाते. दोन होड्यांवरच्या बायकांचे भांडण दिवस मावळला तरी संपले नाही, तर त्या टोपली पालथी घालून ठेवत. भांडण टोपलीखाली झाकले. सकाळी टोपली उलटायची आणि राहिले तिथून पुढे सुरू करायचे. फोटोत मात्र या बायका कायम मुक्या आणि शालीन!

दुसरा महत्त्वाचा साठा शाळेचा. टिंडेल बिस्को हा मिशनरी १८९० मध्ये श्रीनगरला आला आणि जवळजवळ १९४७ पर्यंत तिथली मिशन शाळा चालवत राहिला. वल्हवणे, पोहणे, पुरात लोकांना मदत करणे हे त्याने अभ्यासक्रमातच घातले. शाळेच्या प्रकाशनांत वल्ही उगारून बसलेल्या मुलांचे फोटो दिसतात. आज ते शाळेच्या सहलीसारखे वाटतात. पण पंडित घरांतली मुले सुरुवातीला वल्ह्याला हात लावायला तयार नव्हती. वल्हे धरले की आपण हांजी ठरू, ही भीती. हे कळल्यावर तोच फोटो वेगळा दिसू लागतो. एका लाकडी वल्ह्यात केवढी उतरंड सामावली होती, ते लक्षात येते.

एक डुंगा जवळून

विसाव्या शतकाच्या आरंभी पोस्टकार्डांचा सुकाळ झाला. फ्रेड ब्रेमनरसारखे स्कॉटिश फोटोग्राफर होतेच, पण आता श्रीनगरातले देशी स्टुडिओही उभे राहिले. अमरनाथ मेहतांनी १९१५ मध्ये ‘महट्टा’ स्टुडिओ सुरू केला, तोही एका हाउसबोटीवर. विशीनाथ हे नाव त्या काळच्या पोस्टकार्डांवर वारंवार भेटते. फोटोग्राफर इथले झाले, तरी विषय तेच राहिले: शिकारा, तरंगती शेती, भात कांडणाऱ्या बायका, चिनाराखालचे साधू आणि ‘काश्मिरी सौंदर्यवती’. गिऱ्हाईक बदलले नव्हते.

पण याच साचेबंद पोस्टकार्डांत रोजचे जगणे कोपऱ्याकोपऱ्यांत सापडते. बऱ्याच फोटोग्राफरांनी घेतलेला एक विषय पाहा: काठाला लागलेला डुंगा. डुंगा म्हणजे हांजीचे घर. पन्नास-साठ फूट लांब, जेमतेम सहा फूट रुंद, सपाट तळाची देवदारी होडी, वर लाकडी छप्पर आणि बाजूंना लव्हाळ्याच्या चटया. अशा फोटोंत मध्यभागी असतात उखळाशी उभ्या असलेल्या दोन बायका. मुसळे खांद्याच्याही वर उचललेली, एकीचे वर आणि एकीचे खाली, कारण एकाच उखळात दोघींनी आळीपाळीने घाव घालायचे. भात कांडण्याची ही लय आपल्या कोकणातल्या आजीलाही ओळखीची. मात्र कॅमेऱ्यासाठी दोघी थबकलेल्या असतात, म्हणून मुसळ हवेत आणि नजर आपल्याकडे.

आता मधल्या बायका सोडा आणि कडा पाहा. होडीच्या मागच्या टोकाला मातीची चूल, तिच्या वरचे छप्पर धुराने काळे. चटई एका बाजूने गुंडाळलेली, म्हणजे हवा उबदार आहे. आत भांड्यांची उतरंड. काठावर बदामाच्या पानासारख्या पात्याचे वल्हे टेकून ठेवलेले. एखादे पोर होडीच्या कठड्यावर बसलेले, पाण्यात पडायची कुणाला धास्ती नाही. कुठे कोंबडी, कुठे हुक्का. फेरनच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, कापड जाडेभरडे, कशिद्याचा मागमूस नाही. आपण भाड्याने घेतो तो झगमगता फेरन या फोटोत कुठेच नाही. फोटोग्राफरने बायका टिपल्या, पण घर त्याच्या नकळत काचेवर उतरले. जुन्या फोटोंचा खरा ऐवज असा कडांना सापडतो.

जे फोटोत आलेच नाही

या साठ्यात काय नाही, तेही पाहिले पाहिजे.

पहिली उणीव हिवाळ्याची. साहेबलोक वसंतात येत आणि पानगळीबरोबर परतत. त्यामुळे फोटोंतल्या काश्मिरात बहुधा उन्हाळा असतो. काठाकाठाने गोठलेले तळे फोडत होडी नेणे, थंडगार पाण्यात लांब काठीच्या आकड्याने कमळकाकडी ओढणे, फेरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी धरून बसणे, उन्हाळ्यात वाळवलेल्या भाज्यांवर दिवस काढणे या निम्म्या वर्षाला अल्बममध्ये फारच थोडी जागा मिळाली.

दुसरी उणीव उपासमारीची. १८७७ ते १८७९ या काळात काश्मिरात भीषण दुष्काळ पडला. त्याच सुमारास मद्रास इलाख्यातल्या दुष्काळाचे हूपर या फोटोग्राफरने घेतलेले हाडांच्या सापळ्यांचे फोटो जगभर पोचले. काश्मीरचा दुष्काळ मात्र फोटोंच्या दुनियेत जवळपास गैरहजर आहे. खोऱ्याची वाट जिथून जात असे त्या मरीचा बर्क १८७८ पासून अफगाण युद्धाचे फोटो घेण्यात गुंतला होता. युद्धाला गिऱ्हाईक होते.

तिसरी गोष्ट बायकांची. प्रतिष्ठित घरांतल्या स्त्रिया पडद्यात असत. होडी चालवणारी, भाजी विकणारी, भात कांडणारी हांजी बाई उघड्यावर काम करायची, म्हणून कॅमेऱ्याच्या तावडीत तीच सापडली. मग तीच ‘काश्मीरची स्त्री’ ठरली, आणि तिच्या कष्टाचे नाव ‘सौंदर्य’ पडले.

आणि चौथी उणीव नावांची. फोटोखाली सरोवराचे नाव असते, पुलाचे असते, बागेचे असते. शिकारीला निघालेल्या साहेबाचे हुद्द्यासकट असते. होडीतल्या माणसाखाली मात्र ‘नावाडी’, ‘नावाडीण’, ‘काश्मिरी टाइप’. आयुष्य नावेत गेले, पण फोटोखाली नाव आले नाही.

सिनेमा, बातमी आणि नंतर

१९४७ नंतर चित्र बदलायला हवे होते. १९४८ मध्ये फोटोग्राफर आँरी कार्तिए-ब्रेसाँ श्रीनगरला आला. हरी पर्वताच्या उतारावर प्रार्थना करणाऱ्या स्त्रियांचा त्याचा फोटो जगप्रसिद्ध आहे. कॅमेऱ्याकडे पाठ, एकीचे हात आकाशाकडे उघडे, समोर ढग आणि डोंगर. त्या कुणासाठी उभ्या राहिलेल्या नाहीत. बोर्नला शालिमार बागेत जो सहजपणा मिळाला नाही, तो इथे आहे. कारण या वेळी फोटोग्राफरने हुकूम सोडला नाही, तो पाहत उभा राहिला.

पण लोकांच्या मनावर राज्य केले ते सिनेमाने. १९६४ च्या ‘काश्मीर की कली’मधली फुले विकणारी शर्मिला टागोर आणि १९६५ च्या ‘जब जब फूल खिले’मधला हाउसबोटवाला शशी कपूर, या दोघांनी पोस्टकार्डातली माणसे रंगीत केली आणि गायला लावली. एका हांजीला हिंदी सिनेमाचा नायक होता आले, हेही खरे. आपल्या अल्बममधली परडी याच वाटेने आली, असे मला वाटते. पोस्टकार्डातून सिनेमात, सिनेमातून दलच्या काठावरच्या फोटोवाल्याकडे आणि तिथून आपल्या शोकेसमध्ये.

१९८३ मध्ये रघुबीर सिंग यांचे काश्मीरवरचे रंगीत फोटोंचे पुस्तक आले. रंग त्यांनी नुसत्या सजावटीसाठी वापरले नाहीत, त्यांतून तिथले ऋतू दिसू लागले. १९८९ नंतर खोऱ्यात सशस्त्र संघर्ष पेटला आणि कॅमेरा बातमीकडे वळला. या काळात मोठा बदल झाला तो असा, की फोटो काढणारे हात काश्मिरी झाले आणि गिऱ्हाईक पर्यटक राहिले नाही. संजय काक यांनी संपादित केलेल्या ‘विटनेस’ या २०१७ च्या ग्रंथात १९८६ ते २०१६ या तीस वर्षांतले नऊ काश्मिरी छायाचित्रकारांचे काम एकत्र आहे. त्यात अर्थातच संघर्ष अग्रभागी आहे. तळ्यावरचे रोजचे काम पुन्हा कडेला गेले. आधी सौंदर्याने झाकले होते, आता बातमीने झाकले.

पुरावा म्हणून

मग या सगळ्या फोटोंचा आज उपयोग काय? गतकाळाच्या हळहळीपलीकडे त्यांचे एक रोकडे मोल आहे. श्रीनगरच्या जुन्या वस्तीतून दलचे पाणी आंचारकडे नेणारा मार कालवा १९७०च्या दशकात बुजवून त्यावर रस्ता झाला. त्या कालव्यावरचे दगडी पूल, पायऱ्या, माल भरलेल्या होड्या आज जुन्या फोटोंतच पाहायला मिळतात. पाणी कुठवर होते, वस्ती कुठे होती, लव्हाळी किती पसरली होती, हे नकाशाच्या बरोबरीने फोटो सांगतात. दलमधल्या कित्येक कुटुंबांना सरोवराच्या रक्षणासाठी राख-ए-अर्थसारख्या दूरच्या वसाहतीत हलवले गेले. प्रदूषणाला ही वस्ती किती जबाबदार आणि शहराचे सांडपाणी किती, हा वाद मोठा आहे. पण हे लोक इथे पिढ्यान्‌पिढ्या होते, पाण्यावर शेती करत होते, एवढे तरी या फोटोंवरून निर्विवाद सिद्ध होते. ज्या पोस्टकार्डांनी त्यांना शोभेची वस्तू केले, तीच त्यांच्या बाजूची साक्ष ठरू शकतात.

ही साक्ष फार टिकाऊ मात्र नाही. बोर्नने जिची पायाभरणी केली त्या बोर्न अँड शेफर्ड कंपनीच्या कोलकात्यातल्या स्टुडिओला १९९१ मध्ये आग लागली आणि जुन्या काचांचा मोठा ठेवा गेला. सप्टेंबर २०१४ च्या महापुरात श्रीनगरचे पुराणवस्तू संग्रहालयही पाण्याखाली आले. जे वाचले, त्यातले बरेच लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आणि दिल्लीच्या अल्काझी प्रतिष्ठानाकडे जपलेले आहे. ज्यांचे ते फोटो आहेत, त्यांच्या होडीवर त्यातले क्वचितच काही पोचते. खरे तर प्रती काढून त्या दलवरच्या म्हाताऱ्या माणसांसमोर ठेवायला हव्यात. हा घाट कुठला, ही होडी कुठल्या कामाची, हे वल्हे कुणाच्या हातचे, हे सांगू शकणारी ती शेवटची पिढी असेल.

हे वाचून काश्मीरपुरती हळहळ करण्यात अर्थ नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या आपल्या जिल्ह्यांत हजारो मालगुजारी तलाव आहेत. कोहळी समाजाने ते बांधले, ढीवर समाजाने त्यांत मासे धरले आणि शिंगाडे लावले. दलकडे निदान पोस्टकार्डे तरी आहेत. आपल्या तलावांकडे साहेब फिरकला नाही, सिनेमाही गेला नाही. तिथले जुने फोटो असतील तर ते लग्नाच्या अल्बममध्ये, शाळेच्या गॅदरिंगच्या फोटोत, कुणाच्या तरी पत्र्याच्या पेटीत, आणि तेही मागच्या बाजूला आडव्यातिडव्या आलेल्या तलावाच्या रूपात.

म्हणून दोन विनंत्या. घरात तलावाकाठचा, नदीकाठचा, घाटावरचा जुना फोटो असेल, तर तो फेकण्याआधी घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला दाखवा आणि तो जे सांगेल ते मागे पेन्सिलीने लिहून ठेवा: गाव, साल, माणसांची नावे. शाईचा पेन नको, डाग पुढे उमटतो. आणि पुढच्या वेळी दलवर गेलात आणि शिकाऱ्यात बसून फोटो काढलात, तर वल्हवणाऱ्याला त्याचे नाव विचारा, त्याची हरकत नसेल तर त्यालाही फोटोत घ्या, आणि घरी आल्यावर ते नाव फोटोखाली तुमच्या नावाशेजारी लिहा.